आमचं घर कुणाला बघून लाजतं

६ फेब्रुवारी

ताई,

पाकीट बघून तू घाबरली असशील. तसं काही नाही, घरात सगळे धडधाकट आहेत. फक्त हॉलमधला स्पीकर माझ्या जिवावर उठलाय. बाबांना फोन आला की कुणाचा आहे ते त्यानं मोठ्यानं सांगावं, एवढ्या साध्या हेतूनं मी सगळ्यांचे फोन त्याला जोडले. आता तो माझे मेसेज वाचून दाखवतो. परवा आम्ही जेवायला बसलो होतो आणि तुझा मेसेज आला. "फ्यूज, त्या फिजिओथेरपीवालीला विचारलंस का, की नुसतेच दिवे लावत बसलायस?" बातम्या देतात तशा खणखणीत आवाजात वाचला मेल्यानं! आई म्हणाली, "अगं बाई, हे कोण बोललं?" बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "बातम्या आहेत." ते बंद कुठून करायचं ते मला सापडत नाहीये. सापडेपर्यंत मेसेज बंद. पत्र लिही. पत्र त्याला वाचता येत नाही.

आणि दिव्यांवरून टोमणे मारू नकोस. कॉलेज सोडलं तेव्हा बाबाच म्हणाले होते, "घरी बसून काय दिवे लावणार आहेस?" मी लावून दाखवले. आज आपल्या घरातला एकही दिवा बटणानं लागत नाही. माणूस खोलीत शिरला की आपोआप लागतो, गेला की विझतो. आता बाथरूममध्ये बाबा फार वेळ हलले नाहीत तर सेन्सरला वाटतं आत कुणीच नाही आणि अंधार होतो, मग आतून टाळ्या ऐकू येतात, हे मान्य आहे. पडदे फक्त माझ्याच आवाजावर उघडतात म्हणून आई घसा जाड करून "पडदे उघड" म्हणते, हेही मान्य आहे. शेजारच्या काकू तिला सर्दीचं औषध देऊन गेल्या. पण या बारीकसारीक गोष्टी झाल्या.

खरी गोष्ट वेगळी आहे. ती फिजिओथेरपीवाली बाबांच्या गुडघ्यासाठी येते ते तुला माहीत आहे. व्यायामाचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवायचे म्हणून तिनं आमचं वाय-फाय मागून घेतलं. मी काय केलं, तर घराला शिकवून ठेवलं की हा फोन वाय-फायला जोडला गेला म्हणजे ती आली. लगेच हॉलचे दिवे गुलाबी, पडदे बाजूला, आणि बासरी, अगदी हळू. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकून ती म्हणाली, "तुमच्याकडे उजेड किती छान आहे." ताई, मी त्या वाक्यावर जगतोय.

पण बाबांचा गुडघा सुधारत चाललाय. तो बरा झाला की ती यायची बंद. त्याआधी मला तिला सांगायचंय, आणि सांगायच्या वेळी घर नीट वागायला हवं. ते वागत नाहीये. ती नसतानाही भलत्याच वेळी गुलाबी होतं. आई भांडी घासतेय, बाबा पेपर वाचतायत, आणि एकदम बासरी! तू पाण्याच्या फिल्टर कंपनीच्या तक्रार विभागात आहेस, लोकांचे बिघाड ऐकण्यात तुझा जन्म चाललाय. काय झालं असेल सांग.

तुझा भाऊ
(फ्यूज म्हणू नकोस. मी हल्ली शांत झालोय.)


१२ फेब्रुवारी

श्री. फ्यूज यांस,

आपली तक्रार पोचली. आपल्या गैरसोयीबद्दल आम्हाला अजिबात खेद नाही. तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि बाथरूममधल्या टाळ्यांपाशी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

आता कामाचं. पाणी येत नाही म्हणून कुणी ओरडत आलं की आम्ही आधी विचारतो, नळ सोडलाय का? नव्वद टक्के लोक तिथंच फोन ठेवतात. तसं तुला विचारते. घर गुलाबी होतं तेव्हा खिडकीतून खाली डोकावलास का? आपलं वाय-फाय कुठवर पोचतं? मी आले होते तेव्हा मला खाली इस्त्रीवाल्याच्या दुकानापर्यंत मिळत होतं. अरे शहाण्या, ती खरोखरच खालून जात असेल तर तो बिघाड कसला? आणि सारखीच जात असेल, तर तिचं आपल्या गल्लीत एवढं काय काम आहे, याचा उजेड हॉलऐवजी स्वतःच्या डोक्यात पाडून बघ.

दुसरं. हे हसण्यावारी नेऊ नकोस. तिनं वाय-फाय घेतलं ते बाबांचा पाय वर-खाली करायला. ती कुठं आहे ते तुला कळावं म्हणून नाही. तिला हे सांगितलंयस का? नसेल सांगितलं तर आधी ते सांग, प्रेमबिम नंतर. तुझे भावोजी लग्नाआधी माझ्या ऑफिसखाली भिजत उभे राहायचे. वेड्यासारखे दिसायचे, पण निदान दिसायचे तरी.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

तुला मशीनमधलं काही कळत नाही. मी तुझ्या म्हणण्याप्रमाणे खिडकीत जाऊन उभा राहिलो. घर गुलाबी झालं. बासरी सुरू झाली. मी वाकून बघितलं. खाली कोण होतं माहितीये? एक मिशीवाला! चांगला झुपकेदार मिशीवाला माणूस, स्कूटर थांबवून वर आमच्या खिडकीकडे बघत होता. आणि आमचं घर त्याला बघून लाजत होतं! म्हणजे बिघाडच आहे. सिद्ध झालं. तू आपली फिल्टर धुवत बस.

तू म्हणतेस ती गल्लीत येत असेल. कशाला येईल? तिचं घर पलीकडच्या चौकात, दवाखाना त्याच्याही पुढं. आमच्या गल्लीत आहे काय, इस्त्रीवाला आणि बंद पडलेली पिठाची गिरणी.

इस्त्रीवाल्याचं तर विचारूच नकोस. मी शर्ट द्यायला गेलो तर म्हणतो, "तुमचा सिग्नल झकास आहे हो." मी म्हटलं, "कसला सिग्नल?" तर म्हणे, "तुमचा हॉल गुलाबी झाला की मी डॉक्टरीणबाईंचे कपडे वर काढून ठेवतो. तेवढ्यात त्या कोपऱ्यावरून वळतातच." म्हणजे सगळ्या गल्लीला कळलंय! मी त्याच्यावर असा भडकलो की शर्ट न देताच परत आलो, आणि आता तो चुरगळलेलाच घालून फिरतोय. (शांत झालोय म्हणालो होतो. शांतच होतो. आवाज तेवढा मोठा होता.)

मग मी बिघाड मुळापासून काढायचं ठरवलं. राऊटर हॉलमधून उचलून स्वयंपाकघरात फडताळात ठेवला आणि रस्त्याच्या बाजूनं त्याला चांदीच्या कागदात गुंडाळला, म्हणजे लहरी बाहेर जाणार नाहीत. त्या आत पण येईनात. ती आली होती, बाबा व्हिडिओ बघून पाय उचलत होते, आणि पाय हवेत असताना व्हिडिओ अडकला. पुढं काय करायचं ते व्हिडिओनं सांगितलं नाही म्हणून बाबा तसेच पडून राहिले. ती गुडघा दाबून म्हणाली, "काका, मला तर आता इथं काहीच अडचण दिसत नाही." तशी बाबा एवढ्या मोठ्यानं "आई गं" ओरडले की आई स्वयंपाकघरातून जाड आवाजात "पडदे बंद" म्हणाली. घाबरून. तिला दुसरं काही सुचलं नाही.

निदान दुखतंय हे बरं. अजून थोडे दिवस मिळाले.

तुझा भाऊ


२४ फेब्रुवारी

फ्यूज,

तू कॉलेज सोडलंस ते एका परीनं बरंच झालं. तिथं तुला प्रयोगशाळेत घेऊन सगळ्यांची पंचाईत झाली असती. आता नीट ऐक. इस्त्रीवाला म्हणतो घर गुलाबी झालं की ती वळणावरून येते. म्हणजे घर बरोबर आहे. चुकतोयस तू. आणि मिशीवाल्याच्या खिशात कुणाचा फोन होता, हे तुझ्या मनातही आलं नाही?

माझं विचारशील तर ती घिरट्या घालतेय. कपडे एकदा टाकायचे आणि एकदा न्यायचे, एवढ्यासाठी कुणी रोज गल्लीत येत नाही. मी हे तुझ्या भावोजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मुलगी हुशार आहे, बिघाड तुझ्या भावात आहे." ती तुझी वाट बघतेय रे. तू मात्र तिला यंत्रातला किडा समजून चांदीच्या कागदात गुंडाळतोयस.

येत्या आठवड्यात बोल. आधी फोनचं सांग. मग मनातलं. हा क्रम मोडू नकोस. तुझी जीभ एकदा सुटली की क्रम मोडतो हे मला बालवाडीपासून माहीत आहे.

आणि बाबांना विचार, दुखतो तो गुडघा डावा की उजवा. गेल्या रविवारी फोनवर ते मला डावा म्हणाले. आईच्या लेखी तो उजवा होता.

ताई


२ मार्च

ताई,

तुझं ऐकलं आणि खड्ड्यात गेलो. घिरट्या म्हणे! आता संपलं सगळं. हा शेवटचा अहवाल समज.

ती काल आली. चांदीचा कागद मी काढला होता, त्यामुळे घर गुलाबी झालं. मी केस नीट विंचरून, चुरगळलेल्या शर्टात तिच्यासमोर उभा राहिलो. क्रम डोक्यात पाठ होता, आधी फोन, मग मन. पण तुझी ती घिरट्यांची गोष्ट डोक्यात एवढी भिनली होती की तोंडातून निघालं, "तुम्ही आमच्या गल्लीतून सारख्या का जाता ते मला कळलंय."

ती शांतपणे म्हणाली, "असं? मग मला पण कळलंय, तुमचं घर मला बघून गुलाबी का होतं."

ताई, ती घिरट्या घालत नव्हती. ती प्रयोग करत होती! तिच्या लक्षात आलं होतं की आपण खालून गेलो की वरचा हॉल रंग बदलतो. मग ती मुद्दाम गेली. फोन घरी ठेवून गेली, काही झालं नाही. फोन घेऊन गेली, गुलाबी. शेवटी खात्री करायला फोन देऊन भावाला पाठवलं. तोच तो मिशीवाला! म्हणाली, "माझ्या भावाला बघून तुमचं घर लाजलं. बासरीसुद्धा वाजली म्हणे. त्याचं पुढच्या महिन्यात लग्न आहे." मग तिचा आवाज बदलला. "मी काकांच्या व्यायामासाठी वाय-फाय घेतलं होतं. तुम्ही त्यावरून माझ्यावर पहारा ठेवलात?"

इथं मी माफी मागायला हवी होती. मला माहीत आहे, तू लिहू नकोस. पण पहारा हा शब्द माझ्या डोक्यात गेला. मी म्हणालो, "पहारा नाही, स्वागत आहे ते!" ती म्हणाली, "रस्त्यानं जाणाऱ्या माणसाचं स्वागत?" आणि मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "तुम्ही गल्लीत येऊन हे प्रयोग केलेत म्हणून माझी सगळी निरीक्षणं चुकली! मी राऊटर फडताळात ठेवला तुमच्यामुळं!" म्हणजे उलट मीच तिच्यावर ओरडलो. स्वतःच्या कानांनी ऐकत होतो आणि थांबत नव्हतो.

तिनं पिशवी उचलली आणि जिना उतरायला लागली. मी खांबासारखा उभा. तेवढ्यात माझ्या शेजारून काहीतरी वाऱ्यासारखं गेलं. बाबा! बाबा धावले, ताई. "अहो डॉक्टर, थांबा, तो मूर्ख आहे, थांबा!" करत पायऱ्या उतरत धावले. एक पायरी तर गाळलीसुद्धा. ती खालच्या वळणावर थांबली, मागं वळली, आणि तिनं आपला पेशंट दौडत येताना बघितला.

ती म्हणाली, "काका, गुडघा बरा झाला. अभिनंदन. उद्यापासून मी येणार नाही."

बाबा वर आले, मला म्हणाले, "तुझ्यासाठी लंगडत होतो, गाढवा. कुठल्या पायानं ते सुद्धा मला आता आठवत नाही." आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. टाळ्या ऐकू आल्या नाहीत. अंधारातच बसले असतील.

मी


७ मार्च

फ्यूज,

घिरट्यांचं माझं चुकलं. ते माझ्या पदरात घाल. बाकीचं सगळं तुझं.

मला तुझा राग आलाय आणि बाबांच्या धावण्याचं हसू पण येतंय, त्यामुळे हे पत्र धड लिहिता येत नाहीये. एकच सांगते. आमच्याकडे चिडलेलं गिऱ्हाईक फोनवर कधीच शांत होत नाही. कुणीतरी त्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. तिच्या दारात जा. सोबत काही नेऊ नकोस, गुलाबी तर नाहीच नाही. "चुकलो" म्हण आणि पुढं एक अक्षर बोलू नकोस. ती दार लावून घेईल. घेऊ दे. तो तिचा हक्क आहे. पण तू आला होतास हे तिला कळू दे, फोनला कळून उपयोग नाही.

आणि तिचा फोन त्या यंत्रातून काढून टाक. आज. हे पत्र वाचून झाल्यावर, घडी घालायच्या आधी.

ताई


१३ मार्च

ताई,

हे पत्र मी दाराशी फरशीवर बसून लिहितोय. दार बंद आहे. उघडत नाही.

तुझं पत्र सकाळी आलं. तिचा फोन काढायला बसलो तेव्हा वाटलं, एक फोन काढून काय होणार, हे सगळंच खोटं आहे. आई-बाबा बागेत फिरायला गेले होते (बाबा आता दोन्ही पायांनी चालतात), मला अडवायला कुणी नव्हतं. मी स्पीकर काढला, पडद्यांची मोटर काढली, सेन्सर उपटले, आणि ज्या डबीवर सगळं चालतं ती डबी फोडली. अशी आपटली की तिच्यातलं काहीतरी अजून फ्रिजखाली आहे. मग मोकळ्या मनानं तिच्या घरी जायला निघालो. तेव्हा आठवलं, दाराचं कुलूपही त्याच डबीवर चालतं.

तू म्हणशील, किल्ली लाव. त्याला किल्लीचं भोक होतं. चोराला सापडू नये म्हणून मीच ते दोन्ही बाजूंनी रंगाऱ्याची पुट्टी भरून बुजवलं आणि वर रंग दिला. सुंदर काम झालंय, कुठं होतं ते मलाही सापडत नाहीये.

शेवटी खिडकीतून इस्त्रीवाल्याला हाक मारली, "अहो, किल्लीवाल्याला बोलवा, मी अडकलोय!" त्यानं किल्लीवाल्याच्या आधी बाकी गल्लीला बोलावलं. खाली माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "आज गुलाबी नाही का?" मी खिडकी लावून घेतली आणि तुला लिहायला बसलो.

एवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेरून आवाज आला, "मी कपडे न्यायला आले होते. इस्त्रीवाले म्हणाले तुम्ही आत अडकलायत. खरंय का?"

ती.

मला काही कळायच्या आत ती दाराशी होती. दिवा नाही, बासरी नाही. दाराशी झगडून घामाघूम झालो म्हणून शर्ट काढून मी बनियनवर, केस सगळे उभे. पण तिला मी दिसत नव्हतो, मला ती दिसत नव्हती, आणि ताई, पहिल्यांदा माझी जीभ सरळ चालली. मी म्हणालो, "चुकलो." तू सांगितलं होतंस पुढं बोलू नको, पण ती म्हणाली, "कशाबद्दल?" मग बोलावं लागलं. म्हटलं, तुम्हाला विचारायला हवं होतं. वर तुमच्यावर ओरडलो, ते त्याहून वाईट. ती म्हणाली, "पण केलंत कशाला?" मी खरं ते सांगितलं. तुम्ही अचानक समोर आलात की मला बोलता येत नाही. दिवे गुलाबी झाले की मला केस विंचरायला वेळ मिळायचा.

मग ती म्हणाली, "एवढी सगळी यंत्रं, केस विंचरायला?" आणि थोडीशी हसली.

आत्ता ती बाहेर पायरीवर बसली आहे. किल्लीवाला अजून आलेला नाही. मी मनातलं पण सांगितलं, दाराकडे तोंड करून. मग तिनं विचारलं, "आत कागदाचा आवाज येतोय, काय करताय?" म्हटलं, ताईला पत्र लिहितोय. "माझ्याबद्दल?" म्हटलं, सगळं तुमच्याबद्दलच. "मग द्या इकडे, बघू काय लिहिलंय."

दाराखालून सरकवतोय. जे होईल ते

*

ताई, नमस्कार. अक्षर बदललंय, घाबरू नका. मी ती गुडघेवाली.

यात एक चूक आहे. मी थोडीशी हसले नाही, इतकी हसले की खालून इस्त्रीवाले बघायला आले. बाकी बरोबर आहे. फोनचं मी अजून विसरलेले नाही, आणि तसं याला दारातून सांगितलंय. आतून "हो" आलं, लगेच, वाद न घालता.

तुमचं घिरट्यांचं पत्र याने मला आतूनच वाचून दाखवलं. प्रयोग मला दोन-तीनदाच करायचा होता. बाकीच्या वेळी मी या गल्लीतून का गेले ते याला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. म्हणूनच हे पत्र मी आत परत देणार नाही, मीच पेटीत टाकते.

तुमचे आई-बाबा फिरून आलेत आणि जिन्याच्या खालच्या वळणावर गुपचूप बसलेत. काकांचे दोन्ही गुडघे उत्तम आहेत.

किल्लीवाला मघाशीच आला होता. त्याला म्हटलं, जरा चहा पिऊन या. दार बंद असलं की हा फार नीट बोलतो.